लाल बल्बच्या उजेडात

बारावीनंतर मी फोटोग्राफीच्या वर्गाला गेलो, ते मुख्यतः वडिलांच्या हाताखाली गॅरेजमध्ये जायचं नव्हतं म्हणून. वडील आळेफाट्याला ट्रकचे मेकॅनिक. मीही पान्हा धरावा अशी त्यांची इच्छा होती, पण माझ्या हातून कामं बिघडायची. जमिनीवर ठेवलेला डबा मला लागायचा, बाजूला उभ्या माणसाला मी धडकायचो. ऑइलचं भांडं तर किती वेळा लवंडलं असेल. वडील ओरडायचे, "डोळे फुटले का तुझे?" सगळेच बाप असं ओरडतात. पण घरी ते असं म्हणाले की आई हातातलं काम थांबवायची. हे मला तेव्हा दिसत होतं, कळत नव्हतं.

वर्ग नारायणगावला होता. दुकानांच्या रांगेवर दोन खोल्या, चौदा मुलंमुली, एक वर्षाचा कोर्स. सर पन्नाशीचे, उंच, खोकणारे. बाहेर रंगीत रोलचा जमाना येऊन बरीच वर्षं झाली होती, पण सर आम्हाला काळंपांढरंच शिकवायचे. रोल धुवायचा आपण, प्रिंट काढायची आपण. कॅमेरे दोन होते, ते आळीपाळीनं मिळायचे.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी आम्हाला चौघाचौघांच्या गटानं डार्करूममध्ये नेलं. दार लावलं, लाल बल्ब लावला. म्हणाले, "दोन मिनिटं थांबा. डोळ्यांना सवय होऊ द्या. मग सगळं दिसायला लागेल."

आम्ही थांबलो. थोड्या वेळानं एकजण म्हणाला, "दिसाया लागलं, सर." दुसरा म्हणाला, "आयला, भारीच की राव." मला बल्ब दिसत होता, चुलीतल्या निखाऱ्यासारखा. बाकी काही नाही. ना टेबल, ना ट्रे, ना माणसं. मी अजून दोन मिनिटं वाट पाहिली. मग सरांनी विचारलं, "सगळ्यांना दिसतंय?" सगळ्यांबरोबर मीही "हो" म्हणालो.

खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. मला वाटलं, माझ्या डोळ्यांना जास्त वेळ लागत असेल. पुढच्या वेळी जमेल. पुढच्या वेळीही जमलं नाही. मग मी खोलीच पाठ केली. दारापासून तीन पावलं, मग टेबल. डावीकडे डेव्हलपर, मध्ये पाणी, उजवीकडे चित्र पक्कं करणारा हायपो. चिमटे प्रत्येक ट्रेच्या उजव्या कडेला. ट्रेपाशी वाकलं की वासावरून कळायचं कुठला कुठला. माणसं कुठं आहेत ते त्यांच्या श्वासावरून आणि चपलांवरून.

प्रिंट काढायला आमच्या जोड्या केल्या होत्या. माझी जोडीदारीण खोडदची. तिचे वडील तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात, कँटीनमध्ये स्वयंपाकी होते. बोलायला फटकळ, हाताला चलाख. डेव्हलपरमध्ये कागद टाकला की त्यावर हळूहळू चित्र उमटतं, ते बघायला सगळी पोरं ट्रेवर वाकायची. मी पण वाकायचो. ती म्हणायची, "आलं, आलं!" मग मी पण म्हणायचो, "आलं."

असं महिनाभर चाललं. एके दिवशी ती काहीच बोलली नाही. कागद ट्रेमध्ये आहे असं समजून मी वाकून उभा, ती गप्प. बराच वेळ गेल्यावर मी अंदाजानं म्हणालो, "आलं बघ."

"मी कागद टाकलाच नाय अजून," ती म्हणाली.

मी चिमटा खाली ठेवला.

"तुला दिसत नाय ना हितं?"

"थोडं कमी दिसतं."

"थोडं?"

"सरांना सांगू नकोस."

ती नाही बोलली कुणाला. उलट त्या दिवसापासून ती मला हळू आवाजात सांगत राहायची: आता कडा आल्या, आता चेहरा येतोय, आता काढ. तिच्या सांगण्यावर मी प्रिंटी काढल्या. सर म्हणायचे तुमची जोडी चांगली जमलीय. पोरं त्यावरून चिडवायची. चिडवू दे म्हटलं, त्यापेक्षा दुसरं कळलं तर वाईट.

एका कामात मात्र मी सगळ्यांच्या पुढं होतो. कॅमेऱ्यातला रोल धुवायचा तर आधी तो पूर्ण अंधारात चक्रीवर गुंडाळून डब्यात बंद करावा लागतो. तिथं लाल बल्बसुद्धा चालत नाही. बाकीच्यांची बोटं अडकायची, फिल्म वाकायची, कुणाला रडू यायचं. माझं मिनिटभरात व्हायचं. सर बाहेर उभे राहून घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "याच्याकडून शिका जरा." त्या अंधारात सगळेच माझ्यासारखे होते, एवढंच त्यामागचं कारण. पण कौतुक ऐकायला मला आवडायचं.

आणि मग माझ्या फोटोंचंही कौतुक व्हायला लागलं. दर महिन्याला एक विषय असायचा. पहिला विषय होता बाजार. बाकीच्यांनी टोमॅटोचा अख्खा बाजार काढून आणला: गाड्या, क्रेट, माणसं, वर आभाळ. मी एका बाईचा पाय काढला होता. क्रेटवर टेकवलेला, टाचेला भेगा, जोडव्यात अडकलेली टोमॅटोची साल. सरांनी तो सगळ्यांसमोर धरला. "तुम्ही सगळं घेता. हा मोजकं घेतो. जे नको ते याच्या फ्रेममध्ये येतच नाही."

पुढच्या महिन्यात विषय होता दार. मी जुन्नरमधल्या एका दाराची फक्त कडी आणि तिच्याखाली लाकडावर झिजून पडलेला अर्धगोल काढला. परत तेच. वर्गातली पोरं माझ्यासारखे जवळून फोटो काढायला लागली. मी घरी येऊन छातीत हवा भरल्यासारखा चालायचो. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मला जमत होती. आणि ती खरंच जमत होती, हेही सांगायला हवं. आधी मी जे दिसेल त्यावर बटण दाबायचो. दिवाळीपर्यंत मी थांबायला शिकलो. ऊन सरकायची वाट बघायची, बाई पाय हलवेल का याचा अंदाज घ्यायचा, दोन रोल वाया घालवायच्या ऐवजी एक फोटो मनात आधी काढायचा. सर टेबलावर माझ्या प्रिंटी क्रमानं मांडायचे आणि पहिली कुठली, शेवटची कुठली, ते मलाच विचारायचे. उत्तर चुकलं तरी ते माझं असायचं.

जानेवारीत सर आम्हाला पारगावकडं घेऊन गेले. उसाची तोड चालू होती. एका फडात तोडणीच्या टोळ्या होत्या, ट्रॅक्टर, ट्रॉली. सरांनी मुकादमाला विचारलं आणि आम्हाला सोडलं. सकाळचे दहा वाजले असतील, लख्ख ऊन. मी एक बाई हेरली. ती तोडलेल्या उसाची मोळी बांधून डोक्यावर घ्यायची, तेव्हा तिची मान एका बाजूला ताणली जायची. मला ती मान हवी होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि थांबलो. ती पुढं सरकली तसा मी मागं सरकलो.

मग तिनं एकदम मोळी टाकली. माझ्याकडं बघून ओरडली आणि पळत आली. फार सुंदर होतं ते. सुंदर म्हणायची लाज वाटते, पण भिंगातून तसंच दिसलं: उघडं तोंड, पुढं आलेले दोन्ही हात, मागं उडालेला पदर. मी दाबलं. दाबलं आणि अजून एक पाऊल मागं टाकलं.

टाचेखाली काहीतरी मऊ आलं. मग किंकाळी.

ट्रॉलीच्या सावलीत लुगड्याच्या घडीवर तिचं पोर निजवलेलं होतं. दीड वर्षाचं असेल. माझा पाय त्याच्या मनगटावर पडला होता. तिनं मला ढकललं, पोर उचललं. आजूबाजूचे कोयते थांबले. एक माणूस माझ्या शर्टाला धरून म्हणाला, "डोळं हायेत का न्हाईत रं तुला?" मी म्हणत राहिलो, "दिसलं नाही, दिसलं नाही." तो म्हणाला, "दिसलं न्हाई? एवढं लेकरू पडलंय, अन् दिसलं न्हाई?"

सर पळत आले. त्यांनी हात जोडले, पोराला आणि आईला जीपमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. हाडाला चीर गेली होती. प्लास्टर घातलं. सरांनी सांगितलं की भरून येईल. मी ते लेकरू नंतर पाहिलं नाही. आठवड्यानं हिंमत करून गेलो तर फड मोकळा होता, टोळी पुढच्या गावाला गेली होती. कुठल्या गावाला, ते तिथं कुणाला नीट सांगता आलं नाही. मी आणखी दोन ठिकाणी विचारलं. मग विचारायचं सोडलं.

परत येताना जीपमध्ये कुणी माझ्याशी बोललं नाही. खोडदची मात्र शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "तू त्या पोराच्या शेजारून दोनदा गेलास. कॅमेरा गळ्यात व्हता तवा. लावलेला नव्हता डोळ्याला."

"मग तू सांगायचं ना!"

"मला काय माहीत, तुला दिवसापण दिसत नाय?"

हे मलाही माहीत नव्हतं. मी तिथं जीपमध्ये बसून पहिल्यांदा स्वतःची परीक्षा घेतली. समोरच्या सीटच्या दांडीकडं बघत राहिलो आणि उजवा हात कानापासून हळूहळू पुढं आणला. हात बराच वेळ आलाच नाही. जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा बोटं दिसली. डाव्या बाजूलाही तसंच. मला वाटायचं, सगळ्या जगाला एवढंच दिसतं.

तो रोल मी धुतला. धुवायला नको होता, पण धुतला. प्रिंट काढताना सर डार्करूममध्ये आले. ट्रेमध्ये ती बाई उमटतेय, असं जोडीदारणीनं नुकतंच सांगितलं होतं. सर ट्रेवर वाकले. मग म्हणाले, "हा कधी घेतलास?"

"पाय पडायच्या आधी."

"ती ओरडत होती. ऐकू आलं नाही?"

"आलं. वाटलं दुसऱ्या कुणाला ओरडतेय."

"आणि पोर?"

"नाही दिसलं, सर."

तेव्हा खोडदची अंधारातून म्हणाली, "सर, त्याला हितं पण दिसत नाय. पहिल्या दिवसापासनं. मी सांगते त्याला कधी काढायचं ते."

मला तिचा भयंकर राग आला. आणि त्याच वेळी पाठीवरून कुणीतरी पोतं उतरवून घेतल्यासारखं झालं. सरांनी मोठा दिवा लावला. ट्रेमधला कागद आमच्यासमोर काळा पडला. सर त्याच्याकडं न बघता म्हणाले, "उद्या आईला घेऊन ये."

आई आली. सरांनी झालेलं सगळं सांगितलं. आईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "मला ठाऊक व्हतं."

मी तिच्याकडं बघत राहिलो.

"माझ्या भावाचं तसंच हाय. लहानपणापासनं रातांधळा. ह्यो रांगत व्हता तवापासनं मी बघतीय याच्याकडं. दिवेलागणीला अडखळायचा. म्हणलं नसंल तसलं काय. म्हणलं आपण बोललो तर खरं व्हईल."

"अण्णांना माहीत आहे?" मी वडिलांविषयी विचारलं.

"न्हाई. त्यांना सांगू नको इतक्यात. माझ्या माहेरचं म्हणतील."

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात आम्ही दोघंच गेलो. वडिलांना चष्म्याचा नंबर काढायचाय म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी मला एका ठिपक्याकडं बघायला लावून बाजूनं टाचणी सरकवत आणली, जीपमध्ये मी हात आणला होता तशीच. त्यांनी तीन-चार प्रश्न आईला विचारले: तिच्या भावांना असं आहे का, तिच्या आईच्या भावांना होतं का. मग शांतपणे सांगितलं की हे आईकडून मुलाला येतं, औषध नाही, नजर बाजूनं हळूहळू आक्रसत जाईल. "किती वर्षं?" मी विचारलं. ते म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. दहा, पंधरा. मधलं बरेच दिवस दिसत राहतं."

आईला 'आईकडून' एवढंच ऐकू आलं असावं. एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. राजगुरुनगर आलं तेव्हा म्हणाली, "तुला काय खायचंय का?" मी नाही म्हणालो. मंचरला परत विचारलं. मी परत नाही म्हणालो. तिच्यावर चिडायचं होतं आणि चिडता येत नव्हतं. तिनं आधी सांगितलं असतं तर त्या लेकराच्या हातावर माझा पाय पडला नसता, हे माझ्या मनात चालू होतं. अजूनही कधी कधी चालू असतं.

वर्ग सोडायचं मी ठरवलं होतं. सरांना सांगायला गेलो तेव्हा जे विचारायचं होतं तेच आधी तोंडातून निघालं. "सर, तुम्ही म्हणायचात मी मोजकं घेतो. मला तेवढंच दिसत होतं. मग त्या फोटोंमध्ये माझं काय?"

सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. खोकले. "मला नाही सांगता यायचं," ते म्हणाले. "मी पण तेच विचार करतोय चार दिवस."

त्यांनी काहीतरी चांगलं बोलावं अशी माझी अपेक्षा होती. ते बोलले नाहीत, म्हणूनच बहुधा मी थांबलो. त्यांनी मला एक काम दिलं. कुठल्याही गोष्टीपासून वीस पावलं लांब उभं राहायचं. आधी कॅमेऱ्याशिवाय मान फिरवून डावीकडून उजवीकडं, वरून खाली सगळं बघायचं, काय काय आहे ते मोठ्यानं म्हणायचं आणि मगच फोटो काढायचा. पहिला महिना सगळं फसलं. फोटो म्हणजे नुसती गर्दी. बाहेरचं जग म्हणजे एवढा पसारा असतो हे मला त्या महिन्यात कळलं आणि त्याचा त्रास झाला. पोरं म्हणायला लागली, याचा हात गेला. खोडदची माझ्याबरोबर यायची आणि माझं म्हणून झालं की राहिलेलं सांगायची. "सायकल राहिली. कुत्रं राहिलं. त्या खिडकीत म्हातारा हाय." मी चिडायचो. आमचं एकदा इतकं भांडण झालं की ती पंधरा दिवस वेगळ्या जोडीत गेली.

वर्षाच्या शेवटी दहा फोटोंची एक मालिका करायची होती. मी मामाकडं गेलो. मामाचं गाव घोडेगावच्याही पुढं, डोंगरात, भातशेतीचं. कशाला आलो ते सांगितलं, तेव्हा तो माझ्याकडं बघून म्हणाला, "आईनं सांगितलं का तुला?" मी हो म्हणालो. तो खाली बसला. "मला वाटलं माझ्यावरच संपलं."

मी चार दिवस राहिलो. दुपार कलली की मामाच्या हालचाली बदलायच्या. ऊन समोरच्या कड्यावर चढलं की तो बैल आत घ्यायचा, पाणी भरून ठेवायचा, काठी दाराच्या डाव्या हाताला, तंबाखू उशाशी. घरापासून गोठ्यापर्यंत त्यानं एक दोर बांधला होता, हाताच्या उंचीवर, मधे मधे गाठी मारून. आता त्याला दिवसाही कमी दिसत होतं. मी लांब उभा राहून काढत होतो: अख्खं अंगण, त्यात तो दोर, त्या टोकाला लहान दिसणारा मामा. जवळ जायचा मोह व्हायचा. गेलो नाही.

"भीती वाटायची का सुरुवातीला?" मी विचारलं.

"भीती कशाची. राग यायचा लई. अजून येतो. मामीला विचार." मामी चुलीपाशी हसली. तो हसला नाही.

परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मालिका बघितली, चांगली आहे म्हणाले, प्रकाश थोडा कमी पडलाय म्हणाले. मी वर्गात दुसरा आलो. पहिली खोडदची आली. निकालाच्या दिवशी ती म्हणाली, "तुझ्या मामाचा लांबचा फोटो मला पायजे." मी तिला प्रिंट दिली. पुढं तिचं लग्न नाशिककडं झालं, स्टुडिओ टाकला असं ऐकलं.

मी सात वर्षं फोटो काढले. दिवसाची लग्नं, शाळांची स्नेहसंमेलनं, ओळखपत्रांचे फोटो. माझ्या नजरेचा ठिपका बारीक होत गेला. तोवर डिजिटल कॅमेरे आले होते, ते मला सोपे वाटले कारण मागच्या पडद्यावर चुकलेलं बघता यायचं. शेवटचं काम एका शाळेतल्या शिक्षकाच्या निरोपाचं होतं. सगळ्या मास्तरांचा ग्रुप फोटो घेतला. मी मान फिरवून मोजले, तरी कडेचे तिघं राहिले. कॅमेरा हातात घेऊन मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, आमचे तीन मास्तर पळवले की तुमी!" सगळे हसले. मीही हसलो, परत काढला, तेव्हा दुसऱ्या बाजूचा एक राहिला. मग कुणी हसलं नाही. तिघाचौघांनी माझ्याकडं नीट बघितलं.

त्या दिवशी घरी येऊन मी वडिलांना सांगितलं. सगळं: डार्करूम, पारगाव, पुणे, मामा. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. ते 'तुझ्या माहेरचं' म्हणतील म्हणून तिनं इतकी वर्षं श्वास धरून ठेवला होता. वडील ऐकत राहिले, नखांतली काजळी काढत. मग मला म्हणाले, "मी लई ओरडलो तुझ्यावर."

आईला ते काही म्हणाले नाहीत. चांगलं नाही, वाईटही नाही. नंतर मी टेलिफोन ऑपरेटरचं शिक्षण घेतलं आणि एका ऑफिसात लागलो. सुटीची वेळ दिवेलागणीची असायची. वडील रोज फाट्यावर एसटीपाशी येऊन थांबायचे. मी सांगितलेलं नव्हतं, त्यांनीही कधी विचारलं नाही. गाड्यांच्या गर्दीतून ते माझ्या डाव्या बाजूनं चालायचे आणि गॅरेजात काय काय काम आलं ते घर येईपर्यंत सांगत राहायचे.